पिंजरा परत देऊन या : टोरंटो परिसरातल्या मराठी घरमालकांना खुले पत्र

टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन आणि आसपासच्या समस्त मराठी घरमालकांना,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या तिळगुळाला आपल्यातल्या एका गृहस्थांनी किस्सा सांगितला. गेल्या मे महिन्यात त्यांच्या घराच्या पोटमाळ्यावर, म्हणजे अॅटिकमध्ये, रॅकून (मांजराहून थोरलं, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं इथलं रानटी जनावर) शिरला होता. त्यांनी अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानातून पिंजरा आणला, आत सार्डिनचा डबा उघडून ठेवला आणि दुसऱ्याच रात्री पाहुणा अडकला. सकाळी पिंजरा गाडीच्या डिकीत टाकून हायवे ४०० ने थेट बॅरीच्या पुढे नेला आणि रानात सोडून दिला. "म्हटलं, आता येऊन दाखव!" सगळे हसले. कुणी टाळी दिली. आणि दोघांनी, गुळपोळी खाता खाता, पिंजऱ्याचं भाडं किती पडलं ते विचारून घेतलं.

मीही हसले. त्या दोघांचं भाडं विचारणं मात्र डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. पिंजरा आपल्या रक्तातच आहे. डोंबिवलीला आमच्या घरी तारेचा पिंजरा होता, त्याच्या आकड्याला भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा. रात्री खटकन आवाज आला की वडील अर्धवट झोपेत म्हणायचे, "बसला." सकाळी आंघोळीच्या आधी ते पिंजरा पिशवीत घालून रेल्वेच्या रुळांपलीकडे जाऊन उंदीर सोडून यायचे. रूळ ओलांडले की उंदीर परत येत नाही, अशी आमच्या अख्ख्या इमारतीची ठाम समजूत होती. पलीकडच्या लोकांचीही तीच होती. तेही पिशव्या घेऊन आमच्या बाजूला यायचे. वाटेत एकमेकांना नमस्कार व्हायचा.

तर मुद्दा हा की जनावर उचलून लांब सोडणं ही आपल्याला भूतदया वाटते. मारलं नाही ना, मग झालं. इथे मात्र ती भूतदया नाही, आणि मी हे स्वतःच्या घरात शिकले.

एप्रिल २०११. टोरंटोच्या पश्चिम भागात आम्ही शंभर वर्षं जुनं, विटांचं, एका भिंतीने शेजाऱ्याला चिकटलेलं घर घेतलं होतं. खिशात काही उरलं नव्हतं. एका रात्री छतावर आवाज सुरू झाला. उंदराचा आवाज आपल्याला पाठ असतो, तो खुडखुड करतो. हा आवाज पावलं टाकत होता. धप्प, धप्प, मग काहीतरी ओढल्यासारखं, मग शांत. वर कुणी भाडेकरू राहतो आणि रात्री दोनला कपाट सरकवतो, असं वाटावं. टपालपेटीत पडलेल्या एका पत्रकावरच्या नंबरला फोन केला. माणूस आला, छपरावर पिंजरा लावून गेला, दुसऱ्या दिवशी भरलेला पिंजरा घेऊन गेला. तीनशे डॉलर, रोख. पावतीचं नावही त्याने काढलं नाही, तेव्हाच समजायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी बेडरूममधल्या कपाटामागच्या भिंतीतून आवाज यायला लागला. आधी वाटलं, पक्षी असावेत. बारीक, किरकिर आणि चिवचिव यांच्या मधला काहीतरी, थांबून थांबून येणारा. रात्री वाढला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पिल्लं असतील, होतील गप्प. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. आठवड्याभरात वास सुटला.

ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचा आतला पातळ थर, कापली तेव्हा इन्सुलेशनच्या गुलाबी कापसात चार पिल्लं एकमेकांना बिलगून पडलेली होती. तळहातावर मावतील एवढी. डोळे अजून उघडायचे होते, पण डोळ्यांभोवतीचा काळा पट्टा उमटलेला होता. नवऱ्याने ती बुटांच्या खोक्यात भरली आणि बाहेर गेला. कुठे नेली ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

तेव्हा तिळगुळाच्या दिवशी "मे महिन्यात" हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. मेमध्ये पोटमाळ्यावर राहणारा रॅकून हा बहुधा 'तो' नसतोच, 'ती' असते. यांच्यात जोड्या जमतात जानेवारी ते मार्चच्या सुमारास. पुढे साधारण ६३ दिवसांनी मादी विते, बहुतेक पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात. एका वेळी तीन ते पाच. डोळे उघडायला तीनेक आठवडे लागतात, आणि आईच्या मागे धड चालू लागायला आठ ते दहा आठवडे. नर यात कुठेच नसतो. तिला हवी असते कोरडी, उबदार, उंचावरची जागा, जिथे कुत्री आणि इतर नर रॅकून पोचत नाहीत. पूर्वी ती जुन्या झाडाची ढोली असायची. आपण झाडं पाडली आणि त्याजागी आतून इन्सुलेशन भरलेल्या उबदार ढोल्या बांधल्या. तिच्या दृष्टीने आपला पोटमाळा म्हणजे बिनआमंत्रणाचं माहेर.

आता कायद्याचं. तो सांगितला की आपल्याकडे लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात. ऑन्टारियोत १९९७ चा वन्यजीव आणि मासे संरक्षणाचा कायदा लागू आहे. घराचं नुकसान करणारा रॅकून तुम्ही पकडू शकता, पण पकडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत आणि २४ तासांच्या आत तो सोडावा लागतो. बॅरी इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. ज्या दोघांनी भाडं विचारलं, त्यांनी पिंजऱ्याच्या भाड्यात दंडाची रक्कमही मिळवून ठेवावी.

हा एक किलोमीटरचा नियम कुण्या प्राणिप्रेमी बाईने हट्टाने घालून घेतलेला नाही. त्यामागे रेबीज आहे. रॅकूनमध्ये पसरणारा रेबीजचा प्रकार ऑन्टारियोतून नाहीसा झाला होता. २००५ नंतर दहा वर्षं एकही रुग्ण जनावर सापडलं नव्हतं. मग डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला पालिकेच्या प्राणी पकडणाऱ्या गाडीत एक रॅकून आणि दोन कुत्री यांची झटापट झाली. रॅकून तपासला, रेबीज निघाला. विषाणूची जनुकीय छाननी केल्यावर तो आग्नेय न्यूयॉर्क राज्यातल्या विषाणूशी जुळला, म्हणजे कितीतरी शे किलोमीटर लांबच्या. एवढं अंतर रॅकून चालत येत नाही. कुठल्या तरी वाहनातून आला असणार. चुकून ट्रकमध्ये चढला की कुणी आणून सोडला, ते त्या रॅकूनलाच ठाऊक. त्या एका प्रवासापायी सरकारने पुढची कित्येक वर्षं हॅमिल्टनच्या आसपास हाताने आणि विमानातून लसीच्या हिरवट पुड्या टाकल्या. गोडसर वासाच्या असतात, रॅकूनने चावल्या की लस तोंडात जाते. तुमच्या आवारात अशी पुडी दिसली तर उचलू नका, राहू द्या.

शिवाय आजार बाजूला ठेवला तरी बॅरीपुढच्या रानात सोडलेल्या त्या मादीला तिथे ना आडोसा माहीत, ना पाणी, ना खाणं. तिथले रॅकून तिला हाकलणार. आणि इकडे तुमच्या छपराचं भोक तसंच. भाडेकरू गेला, 'जागा भाड्याने देणे आहे'ची पाटी लटकलेलीच. टोरंटोत रिकामी जागा किती दिवस रिकामी राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग करायचं काय? उत्तर आपल्या आज्यांना माहीत होतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं त्या म्हणायच्या. माळ्यावर मांजर व्याली की आजी तिला हाकलत नसे. फक्त दोन-चारदा वर जाऊन डबे वाजवायची, ट्रंक सरकवायची, कंदील ठेवून यायची. तिसऱ्या दिवशी मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारी मुक्काम हलवायची. रॅकूनचं अगदी तसंच आहे. तिने एकच जागा हेरलेली नसते, जवळपास दोन-चार ठिकाणं तिच्या ओळखीची असतात. इथली जागा गैरसोयीची झाली की ती आपण होऊन बिऱ्हाड हलवते. फक्त तिला जायला वाट आणि दोन-तीन रात्रींचा अवधी द्यावा लागतो.

२०१८ मध्ये आमच्याकडे पुन्हा तो धप्प आवाज आला. (हो, पहिलं भोक आम्ही पत्र्याने बुजवलं होतं, दुसरं होतं हे कळलंच नव्हतं.) या वेळी मी भिंतीला कान लावून दिवसाढवळ्या ऐकलं. तोच किरकिराट. पिल्लं आहेत. पोटमाळ्याच्या झडपेतून एक दिवा आत सोडून दिला. व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी एका उघड्या डब्यात ठेवली. आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज हवा म्हणतात, गाण्यांची त्यांना सवय होते, म्हणून जुन्या फोनवर आपल्या मराठी वृत्तवाहिनीवरचा रात्रीचा चर्चेचा कार्यक्रम लावून ठेवला. चार पाहुणे, एक निवेदक, सगळे एकाच वेळी. दुसऱ्या रात्रीच बिऱ्हाड हललं. मला नवल वाटलं नाही.

ते हलताना मी पाहिलं. शेजारी एक पोर्तुगीज आजोबा राहायचे, मागे द्राक्षांचा मांडव, त्यावरून रॅकूनशी त्यांचं तीस वर्षांचं वैर. त्या रात्री त्यांनीच मला खिडकीवर टकटक करून बाहेर बोलावलं आणि बोट दाखवलं. ती पावसाच्या पन्हळीवरून उतरत होती, डोकं खाली, शेपटी वर. यांचे मागचे पाय उलटे वळतात, त्यामुळे हे असं उतरू शकतात. तोंडात मानेला धरलेलं पिल्लू, झोळीसारखं लोंबणारं, हूं नाही की चूं नाही. कुंपणावरून गल्लीपलीकडच्या एका जुन्या गराजमागे दिसेनाशी झाली. दहा-बारा मिनिटांनी परत. असं तीनदा. आम्ही दोघं स्वेटर घालून पायरीवर बसलो होतो, आजोबा प्रत्येक पिल्लाला बोट मोडून मोजत होते. तीन झाली, पुढे काही नाही, म्हणून मी उठले, तर ती चौथ्यांदा आली. आत गेली. बराच वेळ काही नाही. मग तोंड मोकळंच घेऊन बाहेर आली. आपण जागा सोडताना शेवटी एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून बघतो ना, काही राहिलंय का, तसं बघायला आली असावी.

तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी रूळ ओलांडून पलीकडच्यांच्या गळ्यातच बांधली. थोडं तसं आहे, नाही म्हणत नाही. गल्लीपलीकडच्या घरमालकाला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आले, तो म्हणाला गराज पाडायचंच आहे, पण जुलैनंतर. आणि ती स्वतःच्या पायांनी, पिल्लांसकट, ओळखीच्या जागी गेली. माझ्या भिंतीत या वेळी कुणी किरकिरलं नाही.

त्यानंतर घाई करायची नसते. भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवायचा. दोन-तीन रात्री तो हलला नाही तर आत कुणी नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र ही परीक्षा फसवी ठरते, कारण रॅकून पूर्ण हिवाळा झोपून काढत नसले तरी पारा फार उतरला की दिवसचे दिवस बाहेर पडत नाहीत. बोळा जागचा हलत नाही आणि तुम्ही जिवंत जनावर आत चिणून टाकता. थोडी ऊब आली, बर्फ ठिबकायला लागलं, की मग करा.

हे स्वतःला जमणार नसेल तर कंपनी बोलवा, पण फोनवर एकच प्रश्न विचारा : "पिल्लं आहेत का, हे तुम्ही आधी बघता का?" जो "पिंजरा लावतो, घेऊन जातो" म्हणेल त्याचा फोन तिथेच ठेवा. नीट काम करणारे लोक आधी आत शिरून पिल्लं शोधतात, ती उबदार खोक्यात घालून छपरावर भोकाशेजारीच ठेवतात आणि भोकाला बाहेरच्या बाजूनेच उघडणारं दार बसवतात. आई बाहेर पडते, परत आत जाता येत नाही, खोक्यातली पिल्लं एकेक करून हलवते. मला २०११ मध्ये पडलेले तीनशे डॉलर तुम्हाला वर सांगितले. ड्रायवॉल, इन्सुलेशन, रंग, वास घालवण्याचे प्रयोग धरून तो आकडा चार हजारांवर गेला. माझ्या घराच्या विम्यात रॅकूनने केलेलं नुकसान बसत नव्हतं. तुमची पॉलिसी आजच काढून बघा, बारीक अक्षरातलं पान.

आता भोकांविषयी, कारण खरा विषय तोच आहे. रॅकून हे इंग्रजी नाव व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून आलंय, अर्थ साधारण 'हातांनी खरवडणारा'. नाव ठेवणाऱ्यांनी नेमकं पाहिलं होतं. त्यांच्या पुढच्या पंजाला पाच सुटी बोटं असतात आणि त्यांना स्पर्शाची जाण विलक्षण असते. अंधारात, न बघता, छपराच्या कडेखालची अॅल्युमिनियमची पट्टी (सॉफिट म्हणतात तिला) चाचपडत जातात आणि जिथे ती सैल लागते तिथे बोटं घालून ओढतात. दोन छपरं जिथे एकमेकांना भेटतात तो कोपरा त्यांचा आवडता, कारण तिथे उभं राहायला जागा मिळते. मिल्टन-ब्रॅम्प्टनकडच्या नव्या कोऱ्या घरांत राहणाऱ्यांनी हसू नये. तुमच्या छपरावरचे हवा जायचे डबे बहुधा प्लॅस्टिकचे आहेत, आणि नऊ-दहा किलोच्या मादीला ते उचकटायला फार वेळ लागत नाही. त्यावर जस्त चढवलेली वेल्डेड जाळी स्क्रूने बसवून घ्या, अर्ध्या इंचाची, जाड तारेची. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी नको, ती हे लोक हाताने फाडतात. चिमणीवर टोपी. डेकखाली, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखाली, स्कंक (दुर्गंधी फवारणारं जनावर) घुसतात, तिथे जाळी जमिनीत फूटभर खोल पुरून बाहेरच्या बाजूला एल आकारात वळवायची, म्हणजे उकरणाऱ्याला खाली जाळीच लागते. बेसमेंटमधला भाडेकरू "वास येतोय" म्हणाला तर त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याआधी डेकखाली टॉर्च मारून बघा.

डांबराच्या गोळ्या. मला माहीत आहे, तुमच्या घरात आहेत, आईने भारतातून येताना साड्यांत घालून आणल्या असतील. पोटमाळ्यावर पसरू नका. रॅकूनला काही होत नाही, वाफ खाली झोपलेल्या तुमच्या पोरांच्या खोलीत उतरते, आणि इथे त्या गोळ्या कीटकनाशक म्हणून नोंदलेल्या आहेत, डब्यावर लिहिलंय त्याखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदेशीर आहे. मिरच्यांची धुरी हाही प्रयोग एकांनी केल्याचं ऐकलं. त्यांच्याकडे अग्निशमन दल आलं, रॅकून तिथेच होता.

पोटमाळ्यावर किंवा डेकच्या कोपऱ्यात त्यांची शौचाची ठरलेली जागा असते, ढीगच्या ढीग. त्यात एका गोलकृमीची अंडी असू शकतात. माणसाच्या पोटात गेली, विशेषतः मातीत खेळणाऱ्या लहान मुलाच्या, तर मेंदूपर्यंत इजा होऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून दिसताक्षणी साफ करावं. हातमोजे, मास्क, आधी पाणी शिंपडून ओलं करायचं म्हणजे धूळ उडत नाही, आणि मग उकळतं पाणी. आपला विश्वास फिनेलवर आणि ब्लीचवर, पण या अंड्यांना ब्लीचने काही होत नाही. उकळत्या पाण्याने होतं.

खाण्यापिण्याचंही बोलायला हवं. या शहराचं रॅकूनशी नातं मोठं गमतीचं आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे महापौर जॉन टोरी यांनी 'रॅकून राष्ट्रा'शी लढायची भाषा केली आणि पुढच्या वर्षीपासून तीन कोटी दहा लाख डॉलर खर्चून ओल्या कचऱ्याचे, फिरत्या कुलपाचे हिरवे डबे घरोघर आले. त्याच २०१५ च्या जुलैत यंग स्ट्रीटवर एक रॅकून मरून पडला आणि पालिकेचे लोक येईपर्यंत लोकांनी दिवसभर त्याच्याभोवती फुलं, मेणबत्त्या आणि चिठ्ठ्या ठेवल्या. नावही ठेवलं, कॉनरॅड. डब्याचं म्हणाल तर तो उघडणाऱ्या हुशार मादीचा व्हिडिओही पुढे निघाला. पण बहुतेकांना जमत नाही, कुलूप नीट फिरवून बसवलं तर. आपल्याकडे डबा कोंबून भरतात, झाकण वर राहतं, मग कुलपाचा काय उपयोग? पिकअपच्या दिवशी सकाळी बाहेर ठेवा, आदल्या रात्री नको.

आणि काकबळी. सर्वपित्रीला आमच्याकडेही डेकच्या कठड्यावर पान ठेवायचे. वडे, खीर, आमसुलाची चटणी. एका वर्षी कावळा काही आला नाही. संध्याकाळी सासूबाईंनी पडद्याआडून पाहिलं, तर एक गलेलठ्ठ रॅकून दोन्ही हातांनी वडा फिरवून फिरवून खात होता. सासूबाई म्हणाल्या, मामंजी अगदी असेच खायचे. पुढे आठवडाभर तो रोज त्याच वेळेला हजर. एप्रिल २०२३ पासून टोरंटोत वन्यप्राण्यांना खाऊ घालण्यावर बंदीच आहे. आम्ही आता पान खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवतो. पितरांना काच अडवत नसावी.

एका पाहुण्याच्या बाबतीत मात्र धीर धरा म्हणणार नाही. वटवाघूळ. रॅकून चावला तर कळतं, वटवाघळाचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला कळत नाही, खूणही दिसत नाही. २०२४ मध्ये ऑन्टारियोत एक मूल याच कारणाने रेबीजने गेलं. त्याच्या खोलीत वटवाघूळ सापडलं होतं, अंगावर ओरखडाही दिसला नव्हता. या प्रांतात स्थानिक रेबीजने माणूस दगावल्याची ती १९६७ नंतरची पहिली घटना. झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ निघालं तर 'चावलं नाही वाटतं' म्हणत बसू नका, त्याच दिवशी सार्वजनिक आरोग्य विभागाला फोन करा. लस वेळेत घेतली की माणूस वाचतो. आपण तर रेबीजच्या देशातून आलोय, ही भीती आपल्याला नवी नाही, इथे येऊन ती विसरतो एवढंच.

दिवसा भर रस्त्यात झिंगल्यासारखा हेलपाटत चालणारा रॅकून दिसला तर त्याला बहुधा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार झालेला असतो. माणसाला होत नाही, कुत्र्याला होतो. जवळ जाऊ नका, ३११ ला, म्हणजे पालिकेच्या फोनवर, कळवा. तुमच्या कुत्र्याची लस राहिली असेल तर उद्याची वेळ घ्या.

फेब्रुवारी संपत आलाय. या दिवसांत त्यांच्या माद्या जागा बघत हिंडत असतात, जसे आपण एकेकाळी रविवारी ओपन हाउस बघत हिंडायचो. पुढच्या दोन आठवड्यांत भोक बुजलं तर एप्रिलमध्ये कुणाच्याच भिंतीत काही किरकिरणार नाही. या शनिवारी ऊन पडलं तर चहा घेऊन घराभोवती एक फेरी मारा. मान वर करून बघा. छपराच्या कडेला विटेवर काळपट, तेलकट हातांचे डाग आहेत का? पन्हळीवर चिखलाचे ठसे? बर्फावर लहान मुलाच्या पंजासारखी पावलं?

काही दिसलं तर सांगा. माझ्याकडे चोवीस फुटांची शिडी आहे, अर्ध्या इंचाच्या जाळीचा उरलेला गठ्ठा आहे, आणि ती चर्चा अजून फोनमध्ये आहे. आणि ज्या दोघांनी भाड्याने पिंजरा आणला असेल, त्यांनी तो आजच परत करावा. दुकान शनिवारी पाचला बंद होतं.

आपली,
डोंबिवलीहून इथे आलेली एक घरमालकीण